अण्णांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण पंढरपूरपर्यंतचे सगळे थांबे म्हणता येतात. असं का?

नागजची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण दोन ओळींत मांडता येईना.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७१. एसटीत कंडक्टर होते. ३२ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी मिरज–पंढरपूर लाईनवर. सात आठवड्यांपूर्वी सकाळी आंघोळीला बसले आणि हातातून तांब्या पडला. आई गेली तर तोंड वाकडं, उजवा हात लोंबतोय. आम्हाला वाटलं पित्त चढलं. साखरपाणी दिलं, पडू दिलं. शेजारच्या एकांनी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं, ते शोधण्यात भाऊ तासभर फिरला. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तिथं सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, पॅरालिसिस झालाय. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळली होती.

एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पेनानं एक पांढरा डाग दाखवला, “डावीकडचा बराच भाग गेलाय” म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ‘भाग गेलाय’ हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. मी फिल्म घरी आणून रोज बघते. त्यात डाग तर उजवीकडे आहे! मग डावीकडचा कसा? आणि डावा मेंदू गेला तर उजवं अंग का पडलं?

आता चालत्या गोष्टी सांगते. पाय सुधारतोय. वॉकर धरून अंगणातल्या तुळशीपर्यंत जातात. हात मात्र अजून मेल्यासारखा. बोलणं गेलंय. पाणी हवं असलं तरी “तिकीट”, लघवीला जायचं असलं तरी “तिकीट”, माझ्या मुलाला हाक मारायची तरी “तिकीट”. त्यांना कळतं की चुकीचं निघालं, कपाळावर हात मारतात. पण संध्याकाळी आई हरिपाठ म्हणायला बसली की तिच्याबरोबर ओळीच्या ओळी स्पष्ट म्हणतात. आणि परवा मी सहज “मिरज” म्हटलं तर भोसे, शिरढोण, नागज, जुनोनी, सांगोला, पंढरपूर असं सलग म्हणून गेले. मी रडायलाच लागले. वाटलं वाचा आली. लगेच विचारलं, अण्णा पाणी देऊ? तर, “तिकीट”.

भाऊ म्हणतो त्यांना काही समजत नाही, डोकं गेलंय, कारण काहीही विचारलं तरी “होय” म्हणतात. चहा देऊ? होय. चहा नको? होय. मला ते पटत नाही. त्यांच्या डोळ्यांत ते आहेत. पण मला ते सिद्ध करता येत नाही.

जेवणही कमी झालंय. चटणी, लिंबाची फोड, भात खातात, भाजीला हात लावत नाहीत. आई रोज वेगळी भाजी करून थकली. आणि मधेच, काही कारण नसताना, हुंदके देऊन रडतात.

मेंदूत कुठं काय असतं ते कुणी मला समजेल असं सांगेल का? दहावीला प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ पाठ केलं होतं. ती तीन नावं सोडून काही आठवत नाही.

---

ठाण्याचा_राजेंद्र

ताई, धीर धरा. माझ्या आईचं वेगळं होतं, तरी लिहितो, म्हणजे फरक लक्षात येईल.

आईला लहान मेंदूत, म्हणजे तुमच्या त्या अनुमस्तिष्कात झटका आला होता. तिचा हात पडला नाही, पाय पडला नाही, तोंड वाकडं झालं नाही. नुसती गरगर आणि उलट्या. आम्हीही दीड दिवस पित्ताच्या गोळ्या देत बसलो. मग ती उठून चालायला गेली तर बोटीत चालल्यासारखी पाय फाकून, भिंत धरून. हातात ताकद पूर्ण होती. पण गाळणीतून चहा कपात ओतताना धार बशीत जायची. सुईत दोरा ओवायला गेली की बोट सुईच्या पुढं निघून जायचं. शब्द सगळे बरोबर, पण जड आणि तुटक, एकेक अक्षर वेगळं पडायचं.

आमच्या डॉक्टरांनी समजावलं की मोठा मेंदू ‘हात पुढे कर’ म्हणतो, आणि किती पुढे, किती वेगानं, कुठं थांबायचं हे लहान मेंदू सांभाळतो. तिचं हे बरंच सुधारलं. आज पोळ्या लाटते, फक्त गोल यायला वेळ लागतो.

कबुतराच्या रक्ताचं जे झालं त्याबद्दल स्वतःला किंवा भावाला बोल लावू नका. आमच्या इमारतीत शिकलेल्या माणसांनीही हेच सुचवलं होतं. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना हात जोडून सांगतो, तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी दिसलं तरी गाडी काढा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच जा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात.

---

डिसेक्शन_हॉल_३१_वर्षं

नागजच्या ताई, मी सरकारी मेडिकल कॉलेजात ३१ वर्षं ॲनाटॉमी शिकवली. उपचार करणारी डॉक्टर नाही. पण देहदान केलेल्या माणसांचे मेंदू या हातांनी उघडून मुलांना दाखवलेत, म्हणून कुठं काय असतं हे सांगायचा मला अधिकार आहे असं समजते. तुमचा प्रश्न तीनदा वाचला. तुम्ही इतकं नीट पाहिलंय की अर्धी उत्तरं तुमच्याच लिहिण्यात आहेत.

आधी फिल्म. ती कायम अशी मांडलेली असते, जणू पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून बघतोय. समोरासमोर उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो ना, तसंच. म्हणून डाग फिल्मच्या उजवीकडे दिसतो, तो अण्णांच्या डावीकडचाच आहे. डॉक्टर चुकले नाहीत.

आता मेंदू. ताजा मेंदू हातात घेतला तर खरवसासारखा असतो, बोट लावलं तर खळगा पडेल इतका मऊ. आम्ही फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचो, मग तो घट्ट होऊन सुरीनं कापता येतो. वजन १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा, पण आपण घेतो त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटा खातो. म्हणून रक्त थांबलं की तो शरीरात सगळ्यात आधी मरतो. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा हिशोब मांडलेला आहे. घाई करा म्हणतात ती याच्यासाठी.

मोठ्या मेंदूचं वरचं करडं साल, ज्याच्या जिवावर आपण बोलतो, ओळखतो, ठरवतो, ते दोन ते चार मिलिमीटर जाड, म्हणजे पातळ भाकरीएवढं. ते घड्या घालून कवटीत बसवलेलं आहे. त्याखाली पांढरा भाग, ती नुसती तारांची जुडगी.

तुम्ही नागजच्या, म्हणजे म्हैसाळ योजनेचं पाणी पाहिलेलं आहे. मेंदूचं रक्त तसंच येतं. मानेतून चार वाहिन्या वर चढतात, पुढून दोन मोठ्या, मागून मणक्यांच्या भोकांतून दोन. त्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जातात आणि तिथून चाऱ्या फुटतात, प्रत्येक बाजूला तीन. पुढची चारी कपाळामागून वर जाऊन दोन अर्धगोलांच्या मधल्या भिंतीला पाणी देते. मधली सगळ्यात मोठी, ती कानावरच्या सगळ्या बाहेरच्या बाजूला पसरते. मागची डोक्याच्या मागच्या भागाला आणि तळाच्या काही भागाला. तुमच्या रिपोर्टात ‘लेफ्ट एमसीए’ असं लिहिलेलं असेल, बघा. ती ही मधली चारी, डावीकडची. चारी बंद झाली तर तिच्यावरचीच रानं वाळतात, शेजारची नाही. ‘भाग गेलाय’ याचा अर्थ तेवढाच.

मग पाय का सुधारतोय आणि हात का नाही? डाव्या कानाच्या थोडं वरपासून डोक्याच्या मध्यापर्यंत हालचालीची एक पट्टी असते, बोटाएवढ्या रुंदीची. त्या पट्टीवर शरीर उलटं टांगलेलं आहे. खाली तोंड आणि जीभ, त्यावर हात, त्याहून वर धड, आणि पाय पार वर जाऊन मधल्या भिंतीत उतरलेला. माँट्रियलचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी जाग्या पेशंटच्या मेंदूला विजेची बारीक टोचणी देऊन १९३० च्या दशकात हा नकाशा पक्का केला. मेंदूला स्वतःला वेदना नसते, म्हणून ते शक्य झालं. त्या नकाशात हाताच्या पंज्याची आणि तोंडाची जागा अवाढव्य आहे. आता चाऱ्या आठवा. तोंड आणि हात मधल्या चारीवर, पाय पुढच्या चारीवर. पुढची चारी अण्णांची चालू आहे. म्हणून ते तुळशीपर्यंत जातात.

उजवं अंग का, तर या पट्टीतून निघालेल्या तारा खाली उतरताना मानेच्या वर, मस्तिष्कपुच्छात, बाजू बदलतात. दहात आठ-नऊ तारा पलीकडे जातात. विद्यार्थ्यांना मी तिथं भिंग धरायला लावायची. दोन्हीकडचे धागे वेणीसारखे एकमेकांतून जाताना दिसतात. तीस वर्षं पाहूनही मला दर वेळी थांबावंसं वाटायचं.

आता ‘तिकीट’. हे वाचून मला चटकन एक माणूस आठवला. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा पेशंट होता. २१ वर्षं त्याला एकच अक्षर बोलता येई, ‘तां’. काहीही विचारा, ‘तां तां’. पण हातवारे करून उत्तरं देई, त्याला समजत असे, आणि राग अनावर झाला की एक शिवी पूर्ण बाहेर पडे. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यविशारदानं त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या कपाळाच्या मागं, खालच्या घडीत खड्डा. त्या जागेला आजही ब्रोकाचा भाग म्हणतात. शब्द जुळवून तोंडावाटे काढायचं काम तिथून सुरू होतं. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निक या जर्मन डॉक्टरानं दुसरी जागा दाखवली, डाव्या कानाच्या वर आणि मागं. ती गेली तर माणूस भडाभडा बोलतो, पण त्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला समजत नाही.

अण्णा यातल्या पहिल्या प्रकारात जास्त बसतात असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. चुकीचा शब्द निघाला की ते कपाळावर हात मारतात, हे तुम्ही लिहिलंत ना? दुसऱ्या प्रकारचा पेशंट सहसा कपाळावर हात मारत नाही, कारण त्याला आपली चूक ऐकूच येत नाही. तुमच्या भावाला हे सांगा.

थांबे आणि हरिपाठ का येतात? ‘मला पाणी हवंय’ हे वाक्य आपण दर वेळी नवं बांधतो. त्याला डावीकडची ती जागा लागते. पण हजारो वेळा एका चालीत म्हटलेलं असतं, आकडे, वार, प्रार्थना, शिवी, थांबे, ते बांधावं लागत नाही, टोक ओढलं की आख्खा धागा निघतो. त्याला उजवा अर्धगोल आणि मेंदूच्या पोटातल्या करड्या गाठी मोठा हात देतात असं मानतात. या गाठी, ज्यांना बेसल गँग्लिया म्हणतात, सवयीच्या हालचाली चालू-बंद करतात. कंपवाताचा आजार त्यांच्याच बिघाडाचा. गाण्याची चाल तर उजवीकडे भक्कम असते. अण्णांची सोळा-सतरा वर्षांची लाईन तिकडे शाबूत आहे.

स्मरणशक्तीची काळजी तुम्ही उघड लिहिली नाहीत, पण मुलाच्या नावाऐवजी ‘तिकीट’ हे वाचून मला ती दिसली. नवी आठवण पक्की करणारा भाग वेगळा असतो, हिप्पोकॅम्पस, कानाच्या आतल्या बाजूला खोलवर. कापून उघडला तर खरंच समुद्रघोड्यासारखा वळलेला. १९५३ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड इथं एका २७ वर्षांच्या तरुणाचे फिट्स थांबवण्यासाठी दोन्हीकडचे हे भाग बऱ्याच अंशी काढले. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, तो नव्या भेटलेल्या माणसाला लक्षात ठेवू शकला नाही. बोलणं मात्र त्याचं उत्तम होतं. अण्णांचं नेमकं उलटं आहे. हिप्पोकॅम्पसला मुख्यतः मागची चारी रक्त देते, आणि तो दोन्हीकडे असतो. साधी परीक्षा करा. नातवाचा फोटो, दोन अनोळखी मुलांचे फोटो, तिन्ही डाव्या बाजूला मांडा आणि “आपला कुठला?” विचारा. बोट दाखवू द्या.

डाव्या बाजूला का म्हटलं, ते आता सांगते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही लिहिलंत, चटणी खातात, लिंबू घेतात, भात खातात, भाजी नाही. ताई, आपल्या ताटात भाजी कुठं वाढतात? उजवीकडे. चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे, भात मधे. डोळे दोन असले तरी मेंदू जग डोळ्यांप्रमाणे वाटत नाही, बाजूंप्रमाणे वाटतो. दोन्ही डोळ्यांना दिसणारी उजवी अर्धी बाजू डाव्या मेंदूत जाते. दृश्य उमटतं पार मागं, डोक्याच्या मागच्या फुगवट्यात, पण तिथं जाणाऱ्या तारा मधल्या चारीच्या रानातून जातात. त्या तुटल्या तर माणसाला उजवीकडचं अर्धं जग दिसत नाही, आणि बरेचदा दिसत नाही हेही कळत नाही. काळोख नसतो तिथं, काहीच नसतं.

माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून तपासा. अण्णांच्या समोर हातभर अंतरावर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, आणि तुमची बोटं आधी त्यांच्या डावीकडून, मग उजवीकडून हलवत आत आणा. उजवीकडून बोटं नाकासमोर येईपर्यंत ते दचकले नाहीत तर डॉक्टरांना सांगा. आणि आजच रात्री ताट अर्धं फिरवून बघा.

रडण्याबद्दल. रडण्या-हसण्याची मूळ यंत्रणा खाली, मेंदूच्या देठात आहे. वरून मोठा मेंदू तिला लगाम घालतो. लगामाच्या तारा कमी झाल्या की जरा कशानं डोळे भरले तरी हुंदका सुटतो, आणि तो थांबवता येत नाही. प्रत्येक हुंदका म्हणजे तितकं दुःख असं नाही. पण झटक्यानंतर खरी उदासीही फार जणांना येते, तीन जणांतल्या एकाला, आणि तिला औषध आहे. दोन्ही शक्यता डॉक्टरांसमोर ठेवा.

बाकी देठ त्यांचा सुखरूप आहे. अंगठ्याएवढा जाड तो देठ, त्यात श्वास, हृदयाची लय, गिळणं आणि जागं राहणं. त्याच्या वर दोन आवळ्यांएवढ्या गाठी, थॅलॅमस. वास सोडून बाहेरून येणारी प्रत्येक खबर तिथं थांबून पुढं जाते. त्याखाली इवलासा हायपोथॅलॅमस, चार ग्रॅमचा, भूक, तहान, ताप यांचा. अण्णांना तहान लागते ती तिथं कळते. माठ कुठं आहे ते त्यांना माहीत आहे. ते ज्या वस्तूकडे बघतात तिचं नावही बहुधा आत कुठंतरी आहे. वाट अडते ती शेवटच्या वळणावर, नाव तोंडात येण्याच्या जागी.

राजेंद्र, तुमच्या आईंचा लहान मेंदू तर माझा फार आवडता भाग. एखादा फ्लॉवर उभा चिरून बघा, आत देठ फुटत फुटत जातो तसा तो आतून दिसतो. मेंदूच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज त्यात आहेत. इतकी दाटी दुसरीकडे कुठंच नाही.

---

वाचोपचार_नाशिक

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बाईंनी सांगितल्यावर रचनेबद्दल मी काही बोलत नाही, रोजच्या कामाचं सांगते.

या स्थितीला आम्ही वाचाघात म्हणतो. सात आठवडे म्हणजे अजून सुरुवात आहे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगानं होते, पण भाषा त्यानंतरही, कधी कधी वर्षानुवर्षं परत येत राहते. तेव्हा ‘आता आहे ते आहे’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जवळच्या थेरपिस्टकडे आत्ताच जा.

“होय” बद्दल. वाचाघातात होय आणि नाही यांची तोंडात अदलाबदल होणं अगदी नेहमीचं. आतलं उत्तर बरोबर असतं. तोंडी विचारूच नका. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या धरा आणि बोट दाखवू द्या. किंवा अंगठा वर, अंगठा खाली. प्रश्न छोटा ठेवा, एका वेळी एकच. “अण्णा तुम्हाला आत्ता चहा हवाय की मघाचं दूध गरम करून देऊ” हे चार प्रश्न झाले. आणि त्यांना लहान मुलासारखं बोलू नका. विचारून थांबा, मनात दहा मोजेपर्यंत. घरातली माणसं दोन सेकंदांत स्वतःच शब्द पुरवतात, पेशंट मग प्रयत्न सोडतो.

तुमच्याकडे थांब्यांची यादी आहे, ती सोनं आहे. तिचा असा उपयोग करा. पूर्ण म्हणू द्या, मग पुढच्या वेळी तुम्ही “जुनोनी” म्हणा आणि गप्प राहा, “सांगोला” त्यांच्याकडून येऊ द्या. मग एसटीचा फोटो दाखवून “पंढरपूरची...” म्हणून थांबा. ओळखीच्या वाक्याचं शेवटचं टोक मोकळं सोडायचं. हरिपाठाच्या ओळीतही तसंच करा.

दुसरी पद्धत चालीची. १९७० च्या दशकात अमेरिकेत ती बसवली गेली, मराठीतही आम्ही वापरतो. ‘पा’ खालच्या सुरात, ‘णी’ वरच्या सुरात, आणि प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हातानं मांडीवर हलकी थाप. आधी तुम्ही एकट्या, मग दोघं मिळून, मग तुम्ही अर्ध्यात गप्प. दिवसातून पाच-सात वेळा, पाचेक मिनिटं. थकले की थांबा. हे सगळ्यांना लागू पडतंच असं नाही.

एक धोक्याचं विचारते. पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? तसं असेल तर पातळ पदार्थ फुफ्फुसात जात असतील. पूर्ण ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घोट लहान, आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. तीही आमच्याकडेच होते.

मुंबईकडे येणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथंही वाचा-श्रवणाचं काम चालतं. पण अण्णांना दर आठवड्याला नेता येईल असं जवळचं ठिकाण आधी बघा. सातत्य अंतरापेक्षा मोठं आहे.

---

नागजची_लेक

दोन दिवसांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

बाई, तुमचं लिहिणं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्याच रात्री ताट फिरवलं. त्या दिवशी मेथी होती. अण्णांनी पहिल्यांदा मेथीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सगळी संपवली. आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पाच आठवडे ती समजत होती की तिच्या हाताची चव त्यांना नकोशी झाली.

बोटांची परीक्षा केली. डावीकडून लगेच डोळे वळले. उजवीकडून माझी बोटं त्यांच्या नाकापाशी आली तरी काही नाही. आता लक्षात येतंय, दारातून येणाऱ्या माणसांना ते ओळख का देत नव्हते. त्यांची खाट अशी आहे की दार उजव्या हाताला येतं. लोक येऊन उभे राहायचे आणि ‘आता ओळखत नाहीत’ म्हणून जायचे. काल खाट फिरवली. रस्त्यानं नेताना उजवीकडे मी चालते.

फोटोंचं केलं. तीन फोटो मांडले. माझ्या मुलाच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिले. मग “तिकीट” म्हणाले, आणि हसले. भाऊ तिथंच उभा होता.

पाण्याची चाल अजून जमत नाही. थाप बरोबर मारतात, सूरही धरतात, पण त्या सुरात ‘ति-कीट’ येतं. जुनोनीनंतर सांगोला मात्र दहातल्या आठ वेळा आलं. काल मी “सांगोला” म्हणून थांबले तर पंढरपूर म्हणाले आणि डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला. तो त्यांनी स्वतःहून जोडला, मी सांगितला नव्हता.

पाणी पिताना ठसका लागतो, रोज एकदा तरी. आम्ही ते सर्दीवर टाकत होतो. आता ताठ बसवून चमच्यानं देतोय.

आज रात्रीचं ताट भावानं वाढलं. भाजी त्यानं डावीकडे वाढली, कुणी न सांगता. गुरुवारी अण्णांना मिरजेला स्पीच थेरपीसाठी नेतोय. फिल्म बरोबर घेते, आणि नजरेचं, ठसक्याचं, रडण्याचं, तिन्ही एका कागदावर लिहून ठेवलंय.